सरकारी ड्राफ्टवर साध्या माणसांचं म्हणणं कसं पोचवायचं : हरकती-सूचनांची कामापुरती गाईड

दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या मंत्रालयाचा ड्राफ्ट येतो, कधी एआयचा, कधी बियाण्यांचा, कधी डेटाचा, आणि खाली एक ओळ असते की नागरिकांनी अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना पाठवाव्यात. ह्या ओळीतले नागरिक प्रत्यक्षात कोण, तर कंपन्यांचे वकील, दिल्लीतल्या मोजक्या संस्था, काही प्राध्यापक आणि ट्विटरवरची हुशार पोरं. त्यांना नावं ठेवत नाही, ते निदान लिहितात तरी. पण ज्याच्या शेतात ते बियाणं पडणार, ज्या बाईच्या बचत गटाचा हिशोब त्या अ‍ॅपवर जाणार, ती माणसं त्यात नसतात आणि विचारलं तर म्हणतात, "आपल्याला त्यातलं काय कळतंय."

ह्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. जनुक म्हणजे काय, सर्व्हर कुठे असतो हे तुम्हाला कुणी विचारत नाहीये. ती वस्तू तुमच्या घरात, शेतात, शाळेत आल्यावर काय होईल ते सांगा, कारण ते तुमच्याशिवाय कुणाला माहितीच नाही. मंत्रालयातल्या माणसाला तर नाहीच नाही. खालची सगळी पद्धत ह्या एका गोष्टीवर उभी आहे आणि ती बचत गट, हाउसिंग सोसायटी, एनएसएसची पोरं, वाचनालय कुणीही वापरू शकतं, रजिस्टर्ड संस्था वगैरे काही लागत नाही.

पण हे वाचतं कोण?

सगळे आधी हेच विचारतात. कचऱ्यातही जातं बऱ्याचदा, खोटं कशाला बोलू. पण दोन प्रकरणं माहिती असू द्या.

२००९ च्या ऑक्टोबरात जीईएसी ह्या केंद्राच्या समितीने जनुकं बदलून केलेल्या बीटी वांग्याला मान्यता दिली. वांगं महिकोचं, म्हणजे आपल्या जालन्याच्या कंपनीचं, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवरचा उपाय म्हणून केलेलं. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही केली नाही. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत उघड्या सभा घेतल्या, त्यात आपलं नागपूर पण होतं. सगळीकडचे मिळून साधारण ८ हजार लोक आले, शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहकवाले, कंपनीवाले, आणि आरडाओरडाही भरपूर झाला. ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती आली आणि ती का दिली ह्याचं लांबलचक लेखी कारण मंत्र्यांनी जाहीर केलं. आता ही स्थगिती बरोबर होती की चूक ह्यावर आजही भांडणं आहेत. शेतकरी संघटनेची माणसं तंत्रज्ञान वापरायचं स्वातंत्र्य मागतात, २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात त्यांनी बंदी मोडून एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारा कापूस पेरलासुद्धा. हे मुद्दाम सांगते कारण 'लोकांना विचारा' म्हटलं की काही जण धरूनच चालतात की लोक विरोधच करणार. तसं काही नसतं. तुमच्या बैठकीत दोन्ही बाजूंची माणसं आली नाहीत तर समजा निमंत्रणं चुकीच्या लोकांना गेली.

दुसरं प्रकरण नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचं ह्या तत्त्वाचं, आणि हे जरा नीट बघा कारण सगळी पद्धत ह्यातच आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, सल्लामसलतीचा ११८ पानांचा कागद काढला, २० प्रश्न, भाषा अशी की वकिलाला पण चहा लागावा. काही पोरांनी त्याची छोटी आवृत्ती केली, प्रत्येक प्रश्नाला सोपं उत्तर लिहून ठेवलं, लोकांना म्हणाले वाचा, पटलं तर बदल करून ईमेल करा. १० लाखांच्या वर ईमेल गेले. मग त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायने साइटनुसार इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर वेगळा कागद काढला, फक्त ४ प्रश्नांचा, तेव्हा फेसबुकने फ्री बेसिक्स (निवडक साइट्स फुकट देणारी त्यांची योजना) वाचवा म्हणून आपल्या युजर्सकडून एका क्लिकवर लाखो मेसेज पाठवले. गंमत म्हणजे त्या मेसेजात ट्रायच्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं, नुसतं आमचा पाठिंबा आहे एवढंच. ट्रायने फेसबुकला सरळ लिहून कळवलं की सल्लामसलत म्हणजे डोकी मोजायचा खेळ नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या दरांवर बंदीचा नियम आला.

म्हणजे सोप्या आवृत्त्या दोन्हीकडे होत्या, गर्दी दोन्हीकडे होती. फरक एवढाच की एका गर्दीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "हा मेसेज कॉपी करून मंत्रालयाला पाठवा" असं काही आलं तर पाठवा हवं तर, पण त्यावर फार आशा ठेवू नका.

(अजून एक, ट्रायने एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या सगळ्या ईमेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकल्या होत्या, सगळ्यांचे आयडी उघडे. तेव्हा ह्या कामाला वेगळा ईमेल आयडी काढा. फोन नंबर, आधार वगैरे पत्रात अजिबात नको.)

ड्राफ्ट वेळेत सापडला पाहिजे

सगळ्यात जास्त संधी इथे जातात. बातमी पेपरात येईपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते. तुमच्यातल्या एका माणसाला हे काम लावून द्या, दर सोमवारी अर्धा तास. बघायचं काय तर मायगव्ह ही केंद्राची लोकांच्या सूचना घेणारी साइट, तुमच्या विषयाच्या मंत्रालयाची साइट, टेलिकॉमसाठी ट्राय, विजेसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोग, राज्याचं राजपत्र, आणि संसदेच्या स्थायी समित्या. ह्या समित्या एखादं बिल त्यांच्याकडे आलं की पेपरात जाहिरात देऊन निवेदनं मागवतात आणि ती जाहिरात कुणी वाचत नाही.

मुदत किती असावी? केंद्राचं २०१४ चं एक धोरण आहे, कायदा करण्याआधीच्या सल्लामसलतीचं. त्यात म्हटलंय की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेतली टिपणी द्यायची, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा वेबसाइटवर टाकायचा. हा कायदा नाहीये, धोरण आहे, त्यामुळे पाळलं नाही म्हणून कुणाला शिक्षा होत नाही, पण पत्रात त्याचा उल्लेख करून मुदतवाढ मागता येते आणि ती मिळतेही. राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाचा मसुदा ३१ डिसेंबर २०२० ला आला आणि सूचनांना दिलेली पहिली तारीख होती २५ जानेवारी. मसुद्यात धोरण खालून वर गेलं पाहिजे असं छान लिहिलेलं आणि खालच्यांना वाचायला महिनासुद्धा नाही! उलट बाजूने, डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, मुदत १८ फेब्रुवारीपर्यंत होती, ती पुढे ५ मार्च केली. तर पहिल्याच आठवड्यात दोन ओळींचं मुदतवाढीचं पत्र टाकून ठेवा, फुकट आहे.

मराठी प्रतही मागा. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाचा ड्राफ्ट इंग्रजी-हिंदीत काढला होता, दिल्ली हायकोर्टाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करायला सांगितलं आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. ह्याचा दाखला पत्रात द्यायचा.

सध्या नजर ठेवावी असं काही हवं असेल तर जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांचं राष्ट्रीय धोरण. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीवर एकमत झालं नाही, पण केंद्राने सगळ्या संबंधितांशी बोलून असं धोरण करावं ह्यावर दोघांचं एकमत होतं. कापूसवाल्या जिल्ह्यांनी तर ह्यावर आधीपासून तयारी करायला हवी.

साठ पानांचं एक पान

पूर्ण ड्राफ्ट गटातल्या दोघांनी वाचायचा. दोघांनी वेगवेगळा, मग एकत्र बसून. भाषांतराचं अ‍ॅप खुशाल वापरा पण कलम क्रमांक मूळ कागदावरचेच ठेवा, आणि सरकारवर किंवा कंपनीवर सक्ती कुठे आहे आणि कुठे नुसती त्यांची मर्जी आहे हे दोन रंगांनी अधोरेखित करा, कारण अ‍ॅप हे हमखास सरमिसळ करतं आणि खरी भानगड तिथेच असते.

एका पानावर फक्त पाच गोष्टी येऊ द्या. नवीन काय येणार. ठरवणार कोण. पैसे कुणाचे. बिघडलं तर जबाबदार कोण. तक्रार कुठे करायची. ह्यातल्या एखाद्याचं उत्तर ड्राफ्टमध्ये सापडलंच नाही तर तसंच लिहा, "दिलेलं नाही". मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोगी सूचना ह्या 'दिलेलं नाही' मधूनच निघतात. पानावर तुमचं मत लिहायचं नाही. हे फार अवघड जातं, विशेषतः चळवळीतल्या माणसांना, पण जमवा.

माणसं कशी निवडायची आणि बसवायचं कसं

सगळ्यांना या म्हटलं की नेहमीचेच येतात. रिटायर्ड साहेब, दोन माजी सदस्य, एक पत्रकार आणि मागे उभी राहिलेली पोरं. त्यामुळे चिठ्ठ्या टाकायच्या. जगात हे बऱ्याच ठिकाणी करतात, आयर्लंडच्या नागरिक सभेत ९९ माणसं अशीच निवडली होती, फ्रान्सने हवामानाच्या प्रश्नावर १५० जणांची सभा बसवली. आपल्याला एवढं नको, १५ ते २० जण पुष्कळ झाले. मतदार यादी घ्या, ती मिळते, वॉर्डनिहाय चिठ्ठ्या करा, निम्म्या बायका येतील असं आधीच ठरवून दोन डबे ठेवा, आणि ज्यांच्यावर त्या ड्राफ्टचा जास्त परिणाम होणार त्यांचा एक तिसरा डबा. बियाण्यांचा विषय असेल तर कोरडवाहूवाले आणि शेतमजूर, डेटाचा असेल तर आशाताई, अंगणवाडी सेविका, मोबाईल दुरुस्तीवाला. हो, मोबाईल दुरुस्तीवाला! गावात कुणाचा फोन कोण वापरतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहिती नसतं.

ज्याची चिठ्ठी निघाली त्याच्या घरी जाऊन सांगायचं, फोनवर नाही. दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती द्यायची, वर्गणी काढून द्या पण द्या, नाहीतर फक्त पगारवाले आणि पेन्शनवाले उरतात. लहान मुलं सांभाळायला एक माणूस ठेवा. पेरणी, खुरपणी, काढणी, गणपती हे दिवस सोडून द्या. वेळ बायकांना विचारून ठरवा.

आपल्याकडे ह्याचं एक मोठं उदाहरण होऊन गेलंय. २००१ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या मेदक जिल्ह्यात अल्गोल नावाच्या गावी 'प्रजातीर्पु' म्हणजे जनतेचा निवाडा भरला होता. ज्यूरी म्हणून छोटे शेतकरी, त्यात बहुतेक बायका. सरकारचं व्हिजन २०२० चालू होतं, शेतीत यंत्रं आणा, जीएम आणा, शेतीतली माणसं कमी करा ह्या दिशेचं. ज्यूरीला शेतीच्या तीन वेगवेगळ्या भविष्यांचे व्हिडिओ दाखवले, वेगवेगळ्या बाजूंचे साक्षीदार बोलावले, आणि सगळं नीट चाललंय ना बघायला बाहेरच्या निरीक्षकांचं मंडळ बसवलं. बायकांनी साक्षीदारांना असे प्रश्न विचारले की यंत्र आल्यावर आमच्या हाताला काम कुठलं, जमीन सुटली तर जायचं कुठे. शेवटी त्यांनी जीएमला आणि माणसं हटवणाऱ्या यंत्रांना नाही म्हटलं आणि आपल्याला काय हवं तेही सांगितलं. नंतर ह्या प्रयोगाच्या पद्धतीवर वादही झाला. तो होणारच, ज्यांना निकाल आवडत नाही ते पद्धतीवर बोट ठेवतात, म्हणून तर निरीक्षक बसवायचे. तुमच्या गावात निरीक्षक म्हणून शेजारच्या गावची शिक्षिका किंवा कॉलेजचे एखादे सर चालतील, फक्त त्यांनी बोलायचं नाही.

बैठकीचा क्रम डेन्मार्कवाल्यांकडून उचलावा. तिथल्या तंत्रज्ञान मंडळाने १९८७ पासून अशा परिषदा घेतल्या. त्यांच्या पद्धतीत सामान्य माणसं आधी आपापसात बसून प्रश्न ठरवतात, मग तज्ज्ञांना बोलावून ते प्रश्न विचारतात, आणि शेवटी तज्ज्ञांना बाहेर ठेवून स्वतः निष्कर्ष लिहितात. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, तज्ज्ञ आधी तासभर पीपीटी दाखवतात आणि मग "काही शंका?" म्हणतात, तोवर अर्धे लोक चहाला गेलेले असतात.

म्हणून पहिली बैठक तज्ज्ञांशिवाय. एक पान मोठ्याने वाचा, सावकाश, दोनदा. मग गोल बसवा, खुर्च्या असतील तर सगळ्यांना खुर्च्या नाहीतर सगळ्यांना सतरंजी, अर्धे वर अर्धे खाली असं करू नका. बायकांचा आधी वेगळा अर्धा तास ठेवा, जसं ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते तसं, मग एकत्र. प्रश्न विचारताना "तुमचं मत काय" असं विचारलं तर लोक गप्प बसतात किंवा टीव्हीवरचं बोलतात. त्याऐवजी "हे मागच्या वर्षी आलं असतं तर तुमच्या घरात काय झालं असतं" असं विचारा. एकदम बोलायला लागतात. आणि बोलतात ते जसंच्या तसं लिहून घ्या, त्यांच्याच शब्दात.

दुसऱ्या बैठकीत दोन तज्ज्ञ, एक बाजूचा एक विरोधातला, प्रत्येकी पंधरा मिनिटं. कृषी विद्यापीठातले, कॉलेजातले, लोकविज्ञान चळवळीतले, मराठी विज्ञान परिषदेशी जोडलेले लोक अशा कामाला येतात, विचारून बघा. तज्ज्ञाने लोकांच्या यादीतल्या प्रश्नांचीच उत्तरं द्यायची. मग त्यांना चहा देऊन निरोप द्यायचा आणि दार लावून घ्यायचं. सरपंच, नगरसेवक, सोसायटीचे चेअरमन ह्यांनाही हाच नियम, मान ठेवून पण ठाम.

एकमत व्हायलाच हवं असं नाही. अकरा जण एका बाजूला आणि सात जण दुसऱ्या बाजूला असतील तर तसंच लिहा आणि सात जणांची कारणं पण लिहा. उलट अशा पत्राचं वजन जास्त पडतं.

लिहायचं कसं

प्रत्येक मुद्द्याला तीनच वाक्यं. कलम कुठलं. आमच्याकडे काय होतं. काय बदला. बस्स. "लोकशाहीच्या मूल्यांना अनुसरून" वगैरे प्रस्तावना फाडून टाका.

नमुना देते. डेटा संरक्षणाच्या ज्या नियमांचं वर बोलले त्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. कागदावर छान दिसतं. आता हे बीडच्या ऊसतोड कामगाराच्या घरात ठेवून बघा. आईबाप दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या पट्ट्यात जातात ते सहा महिने परत येत नाहीत, पोरगी आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात, फोन आजीच्या हातात, सिम काकाच्या नावावर, आणि शाळेचं अ‍ॅप विचारतंय पालकांची संमती. कोण देणार? तर मुद्दा असा लिहायचा:

"मुलांच्या डेटाच्या संमतीच्या नियमाबाबत : आमच्या भागात हंगामी स्थलांतरामुळे अनेक मुलं वर्षातले बरेच महिने आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात राहतात आणि घरातला फोन बऱ्याचदा दुसऱ्या नातेवाईकाच्या नावावर असतो. अशा वेळी पालकाची ओळख ऑनलाइन पटवणं शक्य होत नाही आणि मूल शिक्षणाच्या सेवेपासून बाहेर पडतं. प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या नातेवाईकाला मर्यादित संमती देता यावी आणि ती शाळेत कागदावर देण्याची सोय नियमात असावी."

ती मुदत गेली, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण ह्यात बघा, सायबर कायद्याचं एक अक्षर लागलं नाही, आणि दिल्लीतल्या कुठल्याही वकिलाला हे सुचलं नसतं. वांग्याचंच घ्या, जळगावच्या शेतकऱ्याने जनुकावर भाषण द्यायची गरज नाही. भरताच्या वांग्याला जीआय मानांकन आहे, आम्ही बी घरचं धरतो, शेजारी दुसरं वाण आलं तर आमच्या बियाण्याची शुद्धता कोण बघणार आणि मानांकनाचं काय होणार, एवढं विचारलं तरी शास्त्रज्ञाला अभ्यास करून उत्तर द्यावं लागतं.

मूळ मराठीत लिहा आणि खाली इंग्रजी भाषांतर जोडा. संसदेच्या समित्या साधारण हिंदी किंवा इंग्रजी मागतात. दोन पानांच्या वर जाऊ नका. बैठकीला किती जण होते, कसे निवडले, कुठल्या कामधंद्यातले, हे चार ओळीत सुरुवातीला सांगा, नावं नकोत. ग्रामसभेत ठराव करून घेता आला तर सोन्याहून पिवळं, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी ह्या ग्रामसभा ठरलेल्याच असतात, विषय आधी लेखी देऊन ठेवा नाहीतर "ऐनवेळचे विषय" मध्ये चेंगरतो.

पाठवणं

मायगव्हवर नियमनिहाय चौकटी असतील तर त्यातच भरा, वेगळी पीडीएफ पाठवून "सोबत जोडले आहे" म्हणू नका. ईमेल पण टाका. स्पीड पोस्टाने पण पाठवा. राज्याच्या ऑफिसात हाताने द्यायचं असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, "ठेवून जा हो ताई" म्हणाले तरी.

काही मंत्रालयं सूचना जाहीर करत नाहीत. डेटाच्या नियमांवेळी तर आलेल्या सूचना उघड करणार नाही असं नोटिशीतच होतं. तेव्हा तुमचं पत्र तुम्हीच जाहीर करा, ग्रामपंचायतीच्या बोर्डवर, फेसबुकवर, स्थानिक पेपरात. आणि एक प्रत आपल्या खासदाराला, त्यातही ते संबंधित स्थायी समितीवर असतील तर नक्की. समित्या कधीकधी गावात पण येतात, २०१२ च्या मार्चमध्ये कृषी समिती यवतमाळच्या भांबराजा आणि मारेगावात आली होती, बीटी कापसावर लोकांचं ऐकायला, आणि ऑगस्टमधल्या अहवालात जीएम पिकांच्या शेतातल्या चाचण्यांवर कडक शिफारशी आल्या. अशी समिती आली तर तुमची दोन पानं तयार हवीत.

जनसुनावणी असेल तर

हा वेगळा प्रकार आहे, प्रकल्प तुमच्याच दारात येतो तेव्हाचा. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण मंडळाने किमान ३० दिवस आधी नोटीस द्यायची, त्या मूल्यांकनाच्या अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करायचा, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे हवेत, चित्रीकरण करायचं. कोरमची, म्हणजे किमान हजेरीची अट नाही, म्हणजे तुम्ही बहिष्कार घातला तरी सुनावणी झाली असं धरतात, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या. लोकांना सगळ्यात कमी माहिती असलेली तरतूद म्हणजे शेवटी इतिवृत्त लोकांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायला हवी. भाषणं झाली की सगळे घरी जातात आणि वाचन ऐकायला उरतात कंपनीचे लोक. तुमची दहा माणसं शेवटपर्यंत थांबवा, त्यांचं तेवढंच काम, आपला मुद्दा आला का नाही बघायचं आणि नसेल तर तिथल्या तिथे हात वर करायचा. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या मे २०१० च्या सुनावणीत मराठी अहवाल गावांना वेळेत मिळाला नाही ही तक्रार होती. असं काही असेल तर ते सुनावणीआधीच लेखी द्या, नंतर आरडाओरडा करून उपयोग होत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र आपल्या राज्यात व्यवस्था बरी आहे. वीज नियामक आयोगाकडे मराठीत हरकत देता येते, सुनावणीत बोलता येतं, आणि आदेशात हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत तिन्ही छापून येतं. पुण्याची प्रयास ही संस्था वर्षानुवर्षं तिथे आकडेवारी घेऊन जाते, त्यांचे कागद वाचले तरी हरकत कशी लिहावी ते कळतं. २०१९ मध्ये छतावरच्या सोलरच्या ड्राफ्टमध्ये नेट मीटरिंगला (आपल्या सोलरची वीज बिलातून वजा होण्याला) कात्री लावायचा प्रस्ताव होता, हरकतींचा पाऊस पडला आणि वर्षाअखेर आलेल्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकलं. नवीन गटाने पहिला सराव इथेच करावा असं माझं मत आहे, विषय घरातल्या मीटरचा असल्यामुळे माणसं जमवायला फार कष्ट पडत नाहीत.

पाठवल्यावर

अंतिम नियम येतात तेव्हा ड्राफ्ट आणि अंतिम कागद शेजारी ठेवून फक्त तुमची कलमं तपासा. बदललं असेल किंवा नसेल, बैठकीला आलेल्या प्रत्येकाला घरी जाऊन सांगा. हे टाळलं तर पुढच्या वेळी कुणी येत नाही.

आणि मग माहितीचा अधिकार. कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं करताना सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करायची. फी १० रुपये, केंद्राचं आणि महाराष्ट्राचं ऑनलाइन पोर्टल वेगवेगळं आहे. राज्याच्या अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, केंद्राला ५०० शब्द चालतात. विचारायचं एवढंच : अमुक मसुद्यावर एकूण किती सूचना आल्या, त्यांचा गोषवारा तयार केला असल्यास त्याची प्रत, आमच्या अमुक तारखेच्या पत्रावरील कार्यालयीन टिपणीची प्रत, सूचना स्वीकारण्याबाबत झालेल्या बैठकांचं इतिवृत्त. "का" असं विचारू नका, "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, त्यालाही मुदत ३० दिवसांचीच. आणि उत्तर "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तरी तो कागद फाइलला लावा, त्याच खात्याचा पुढचा ड्राफ्ट आला की तुमच्या पत्राला पहिलं जोडपत्र तेच.